होकार उजवीकडे

३ मार्च, सोमवार

नऊ नंबरच्या बसमध्ये चालकाच्या पाठीमागच्या काचेवर आज कागद चिकटवलेला होता. "बाजाररस्ता एक तारखेपासून फक्त पायी चालणाऱ्यांसाठी राखीव होत असल्याने सदर बस बंद करण्याचे विचाराधिन आहे." 'विचाराधीन'मधला 'धी' ऱ्हस्व. मी पर्समधून पेन काढलं आणि तो दीर्घ केला.

"अगं, बस चाललीय आणि तुला वेलांटीचं पडलंय?" ताई म्हणाली.

वेलांटीचंही पडलं पाहिजे. ज्यांना वेलांटी सांभाळता येत नाही, ते बस काय सांभाळणार?

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. मेहुणे गेल्यापासून माझ्याकडेच असते. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाल्यामुळे सोमवार, बुधवार, शुक्रवार असं तीनदा डायलिसिस. नऊ नंबर आमच्या फाटकाशी थांबते आणि हॉस्पिटलच्या दारात सोडते. ती नसेल तर दोन बस, आणि मध्ये पादचारी पूल. पुलाला बेचाळीस पायऱ्या आहेत. मी मोजून आले.

ताई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "दोन बस बदलून जायचं झालं तर मी नाही जाणार हं. झालं तेवढं पुष्कळ झालं." दुसरा कप चहा नको म्हणावं, त्या सुरात.

"नाटकं करू नकोस," मी म्हटलं. लहानपणापासून नाटकी आहे. नंतर मी तो कागद आणखी चार वेळा वाचला. दुसरी चूक सापडली नाही.

हॉस्पिटलात नवी नर्स होती. ताईच्या एका हातात सुईसाठी शीर तयार केलेली आहे, त्या हाताचं ब्लडप्रेशर घ्यायचं नसतं. मी नर्सला बजावलं, "उजव्या हाताला हात लावायचा नाही." ताई हळूच म्हणाली, "डाव्या." मला डावाच म्हणायचा होता, हे कुणालाही कळलं असतं. आजकालच्या नर्सना सगळं फोड करून सांगावं लागतं.

४ मार्च, मंगळवार

नगरपालिकेत जाऊन आले. एकतीस वर्षं मी तिथे इतिवृत्त लिहिलं, म्हणजे सभेत कोण काय बोललं याची नोंद. एकतीस वर्षांत एकही खाडाखोड नाही. माझ्या जागी आलेले गृहस्थ पन्नाशीचे आहेत. मी त्यांना मनातल्या मनात उत्तराधिकारी म्हणते. ते टेबलावर बिस्किटं ठेवून इतिवृत्त लिहितात.

त्यांच्याकडून कळलं की बस बंद करून रस्ता पायी लोकांना देण्याची कल्पना डाव्यांची आहे. मी बसायला खुर्ची मागितली.

कारण ही बस सुरू केली होती डाव्यांनीच! मी स्वतः लिहिलंय ते. "ज्याच्या घरी गाडी नाही त्याच्या दारी बस," असं त्यांचे पुढारी टेबलावर मूठ आपटून म्हणाले होते, आणि माझी शाईची दौत सांडली होती. हे पुढारी बारा महिने मफलर गुंडाळून असतात. आम्ही त्यांना मफलरच म्हणतो.

मफलर त्यांच्या खोलीत होते. म्हणाले, "या या, बाई! तब्येत काय म्हणते?"

"माझी बरी आहे. तुमच्या तत्त्वांची कशी आहे?"

हसले. म्हणाले, "बाई, डावं म्हणजे काय, हे काळाप्रमाणे बदलतं. तेव्हा बस म्हणजे प्रगती होती. आता पायी चालणं म्हणजे प्रगती. झाडांच्या कुंड्या, बाकं, मुलं खेळतायत…"

"आणि जिला चालता येत नाही ती?"

"तिच्यासाठी बाकं आहेत ना."

मी उठले. दाराशी वळून म्हटलं, "बाकावर बसून डायलिसिस होत नाही." उत्तर चांगलं होतं, पण मफलर फोनवर बोलू लागले होते. चांगली उत्तरं नेहमी अशीच वाया जातात.

७ मार्च, शुक्रवार

उजव्यांच्या पुढाऱ्यांना भेटले. हे खोलीत येण्याआधी त्यांचं अत्तर येतं आणि ते गेल्यावर तासभर थांबतं. अत्तरसाहेबांनी सुरुवातीपासून या बसला विरोध केला होता. "ज्याला जायचंय तो आपल्या पायावर जाईल," हे त्यांचं वाक्य माझ्याच अक्षरात आहे. आज म्हणाले, "बाई, नऊ नंबर ही आपल्या गावाची परंपरा आहे. परंपरेला हात लावू देणार नाही. गरिबांची बस आहे ती."

"गरीब तुम्हाला कधीपासून आवडायला लागले?"

"ते डाव्यांनी सोडल्यापासून," अत्तर म्हणाले. निदान प्रामाणिकपणे तरी.

घरी येऊन ताईला म्हटलं, उजवे आपल्या बाजूने आहेत. ती म्हणाली, "म्हणजे आपण उजव्या झालो?"

"आपण कुणीच झालो नाही. मी कधी डावं-उजवं केलेलं नाही."

"तुला जमतच नाही ते," ताई म्हणाली. मी हे कौतुक समजते.

८ मार्च, शनिवार

जुन्या कागदांतून सभागृहाचा पहिला आराखडा काढला. नोकरीला लागले त्या आठवड्यात मीच काढला होता. अध्यक्षांची खुर्ची मध्ये, त्यांच्या डाव्या हाताला खिडकी, उजव्या हाताला दार. कुठलाही पाव्हणा बघून सांगेल इतका स्वच्छ. आजही तसंच आहे.

आता एक गोष्ट इथे लिहून ठेवते, कारण बाहेर कुणाला सांगायची नाही. तेव्हा मी नवीन होते, सदस्यांची नावं माहीत नव्हती. मग इतिवृत्तात काय लिहिणार? "डावीकडील सदस्य म्हणाले," "उजवीकडील सदस्यांनी हरकत घेतली." वर्तमानपत्रवाल्यांनी तेच उचललं. महिन्याभरात गावात डावे आणि उजवे झाले. खिडकीकडचे खरं तर तिथे बसत ते विडी ओढायला सोयीचं म्हणून. दाराकडच्यांना सभा संपायच्या आत सटकता यायचं. पुढे खिडकीवाल्यांना कुणीतरी सांगितलं की जगात डावे असे असे असतात. त्यांनी पुस्तकं आणली, वाचली आणि तसे झाले. मग दारवाल्यांनाही काहीतरी होणं भाग पडलं.

ताई हे ऐकून म्हणाली, "धाकटे, तू अख्खं गाव फाडलंस."

मी फाडलं नाही. मी फक्त नोंद केली. शिवाय भाषेचाही यात दोष आहे. सरस ते उजवं, कमी ते डावं. कुणाला वगळलं तर डावललं. मुलीचं लग्न लागलं तर उजवली. मला उजवणं वडिलांना जमलं नाही, तरी मी कुणापेक्षा डावी ठरले नाही. डाव्यांनी खरं तर पहिला मोर्चा शब्दकोशावर काढायला हवा होता.

माझं स्वतःचं डावं-उजवं पक्कं आहे. मी लहानपणी डाव्या हाताने लिहायची. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरनी फुटपट्टीने एका वर्षात तो हात दुरुस्त केला. बोटं सुजायची, पण ज्ञान असंच आत जातं.

दुपारी नळवाला आला होता. त्याला म्हटलं, उजवी तोटी गळते, बदल. त्याने न गळणारी बदलली. कामाचं लक्ष म्हणून नाही लोकांना.

१४ मार्च, शुक्रवार

जग उलटं झालं. बाजारातल्या दुकानदारांना आधी वाटत होतं की बस गेली की गिऱ्हाईक जाईल. आता कुणीतरी त्यांना दुकानापुढे खुर्च्या मांडायची परवानगी देऊ केली, आणि त्यांना पायी रस्ता एकदम आवडायला लागला. दुकानदार म्हणजे अत्तरांची माणसं. अत्तर काल सभेत म्हणाले, "परंपरेने या गावात लोक पायीच चालत आले आहेत."

हे कळताच मफलर उठले: उजव्यांना रस्ता हवा, म्हणजे रस्ता वाईट. नऊ नंबर ही कष्टकऱ्यांची बस आहे, ती वाचवण्यासाठी आम्ही शेवटपर्यंत लढू.

म्हणजे महिन्याच्या सुरुवातीला डावे बसच्या विरोधात आणि उजवे बाजूने. आज उजवे विरोधात आणि डावे बाजूने. मधल्या काळात बस मात्र रोज त्याच रस्त्याने गेली, आणि त्याच थांब्यांवर थांबली. या गावात एकटी तिलाच भूमिका आहे.

१५ मार्च, शनिवार

मफलर घरी आले. माझ्या घरी! ताईसमोर हात जोडून बसले.

"बाई, ठराव लिहून द्या. तुमच्यासारखी भाषा आमच्याकडे कुणाला नाही."

"भाषा नाही, की लिहिल्यावर बदलता येत नाही म्हणून भीती वाटते?"

"दोन्ही," मफलर म्हणाले.

त्यांचा मसुदा होता: "नऊ क्रमांकाची बस बंद करावी." तो मांडायचा आणि आपणच नकार देऊन पाडायचा, असा बेत. मी तो खोडला. सिस्टर शिकवायच्या, नकार मागणारं वाक्य हे रडणाऱ्या मुलासारखं असतं. मी लिहिलं: "नऊ क्रमांकाची बस चालू ठेवावी." ठराव कसा होकारार्थी असावा. रस्ता पायी करायचं आधीच ठरलंय, म्हणून हा संमत झाला नाही, तर एक तारखेपासून बस आपोआप बंद. मफलर कागद घेऊन आनंदाने गेले.

ताईने विचारलं, "मतदान हात वर करून असतं ना?"

मी म्हटलं, बहुतेक.

१८ मार्च, मंगळवार

हात वर करून नाही. अत्तरांनी बाजू-मतदान मागितलं आहे. जुना नियम: वादाच्या ठरावावर सदस्यांनी उठायचं; होकार देणाऱ्यांनी अध्यक्षांच्या उजव्या हाताला जाऊन उभं राहायचं, नकार देणाऱ्यांनी डाव्या. मतं उभ्या माणसांची मोजायची, बसलेल्याचं मत नाही.

मफलरांचा फोन आला. आवाज बसलेला. "बाई, हे काय करून ठेवलंत? बस चालू ठेवायला आम्हाला उजवीकडे उभं राहावं लागणार!"

"मग राहा. वीस पावलं आहेत."

"वीस पावलं नाहीत हो, तीस वर्षं आहेत ती! फोटोवाले येणार आहेत. उद्या छापून येईल, डावे उजवीकडे गेले. माझी तरुण मंडळी म्हणतायत, मरू पण दाराकडे जाणार नाही."

मी उत्तराधिकाऱ्यांना फोन केला. ते बिस्किट खात म्हणाले, तिकडेही तेच चाललं आहे. नकार द्यायला उजव्यांना खिडकीकडे जावं लागेल, आणि त्यांचा एकही सदस्य तयार नाही. पण अत्तर खूश आहेत. कुणीच उठलं नाही तर ठराव संमत होणार नाही, आणि बस आपोआप बंद.

म्हणजे माझ्या एका होकारार्थी वाक्यामुळे. पण वाक्य बरोबर होतं. मी ते पुन्हा वाचून पाहिलं. बरोबरच आहे.

२१ मार्च, शुक्रवार

डायलिसिसनंतर ताईला घेरी आली. पंधरा मिनिटं बाकावर बसून राहिलो. डॉक्टर बघायला आले, तर तिने त्यांना सहज विचारलं, "बंद केलं तर साधारण किती दिवस?"

मीच सांगितलं, "अजून दहा दिवस. एक तारखेपासून बंद."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग ताईकडे. ताईने माझा हात दाबला आणि म्हणाली, "हो, तेच विचारत होते."

घरी आल्यावर तिने कपाट आवरायला काढलं. तिच्या चांगल्या शाली मला देऊ केल्या. मी म्हटलं, उन्हाळ्याच्या तोंडावर शाली घेऊन मी काय करू? वेडी आहे. नंतर मी पुलाच्या पायऱ्या पुन्हा मोजून आले. बेचाळीसच आहेत.

२५ मार्च, मंगळवार

सविस्तर लिहिते, कारण उत्तराधिकाऱ्यांच्या नोंदीवर माझा भरवसा नाही.

ताई हट्टाने आली. आम्ही प्रेक्षकांच्या बाकावर बसलो. सभागृहात एकोणीस सदस्य: नऊ डावे खिडकीकडे, आठ उजवे दाराकडे, आणि मध्ये दोन. मधल्या दोघांना गावात मधलेच म्हणतात. अध्यक्ष नवे आहेत, सारखं पाणी पितात.

ठराव वाचला गेला. माझं वाक्य मोठ्याने ऐकायला छान वाटलं. अध्यक्ष म्हणाले, "बाजू घ्याव्यात."

कुणी हललं नाही. खिडकीकडचे दाराकडे बघत, दाराकडचे खिडकीकडे. लग्नात दोन्हीकडचे रुसून बसल्यासारखे. अत्तर मनगटावरचं घड्याळ बघून म्हणाले, "अध्यक्षमहाराज, होकार देणारं कुणी दिसत नाही. पुढचा विषय घ्यावा."

मफलर उठले. बिचाऱ्यांचा मफलर घामाने भिजला होता. "हरकत आहे! उजवी बाजू म्हणजे कुणाची? आम्ही अध्यक्षांकडे तोंड करून बसतो. आमची उजवी ती त्यांची डावी."

"नियमात अध्यक्षांची म्हटलंय," अत्तर ओरडले.

"अध्यक्षांची आज की नियम केला त्या दिवशीची?"

असा गोंधळ माझ्या एकतीस वर्षांत झाला नव्हता. अध्यक्षांनी तिसरा ग्लास संपवला. मग त्यांची नजर माझ्यावर पडली. "बाई बसल्यात ना! बाई, जरा वर या. तुमच्या काळी होकारवाले कुठे उभे राहायचे?"

मी वर गेले. अध्यक्षांच्या खुर्चीशेजारी, त्यांच्यासारखंच सदस्यांकडे तोंड करून उभी राहिले. सगळं सभागृह माझ्याकडे बघत होतं. खाली बाकावर ताई पदर तोंडाला लावून बसली होती. कालच्या सुईची पट्टी तिच्या हातावर अजून होती.

"होकार," मी म्हटलं, "उजवीकडे." आणि उजवा हात ताठ लांब करून खिडकी दाखवली.

मग अत्तर म्हणाले, "बाई, ती डावी आहे!"

"तुम्ही मला शिकवू नका. तुम्ही पहिल्यांदा निवडून आलात तेव्हा अर्जावर सही कुठे करायची ते मी दाखवलं होतं. उजवी ती उजवी! ती काय सभेगणिक बदलते? तुमची मतं आहेत का ती?"

प्रेक्षक हसले. अध्यक्षांनी टेबलाखाली आपले दोन्ही हात पुढे धरून पाहिले, सही करायची बोटं हलवून पाहिली, एकदा माझ्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाले, "बाईंच्या नोंदीत एकतीस वर्षांत चूक नाही. होकार खिडकीकडे, नकार दाराकडे."

मफलर तोवर उभेच होते. ते जागच्या जागी म्हणाले, "होकार!" त्यांच्यामागे आठही जण उठले. फोटोवाल्यांनी फोटो काढले. अत्तर अजून भांडत होते, पण त्यांचीच माणसं त्यांचा कोट ओढून म्हणत होती, "साहेब, जाऊ द्या ना, आपल्यालाही इथल्या इथे उभं राहता येतंय." आणि आठही उजवे दाराशी सुटकेचा श्वास टाकून उभे राहिले.

राहिले मधले दोघे. एक मधले दाराकडे गेले, कारण त्यांना लवकर निघायचं होतं. दुसरे खिडकीकडे गेले, कारण तिकडे वारा होता.

दहा विरुद्ध नऊ. ठराव संमत.

मी खाली आले तर ताई हसत होती. तोंडातून आवाज नाही, डोळ्यांतून पाणी, खांदे हलतायत. गेल्या वर्षभरात ती अशी हसलेली मी पाहिली नव्हती.

"काय झालं?"

"धाकटे, तुझ्या त्या फुटपट्टीवाल्या सिस्टरचे पाय धरायला हवेत गं."

उशिरा का होईना, तिला चांगल्या शिक्षणाची किंमत कळली.

२६ मार्च, बुधवार

वर्तमानपत्रात आलं: "डावे उजवीकडे उभे राहिले, बस वाचली." उत्तराधिकाऱ्यांनी नोंदीत लिहिलंय, अध्यक्षांच्या उजव्या हाताला दहा. माझ्या शब्दावर विसंबून लिहिलंय, त्यामुळे ते बरोबर असणार. मफलरांच्या तरुण मंडळींनी मात्र पक्ष सोडला. म्हणतात, उजवीकडे उभ्या राहणाऱ्या डाव्यांत आम्ही राहणार नाही. त्यांनी वेगळा गट काढलाय: खरे डावे. आणि अत्तरांनी थांब्याथांब्यावर फलक लावलेत: "उजव्या बाजूने वाचवली तुमची बस." कुणी काही म्हणू शकत नाही. नोंद तशीच आहे.

ताईने शाली कपाटात परत ठेवल्या. घडीचा गोंधळ करून. मी पुन्हा घातल्या.

२ एप्रिल, बुधवार

बाजाररस्त्यावर कुंड्या आल्या आहेत. त्यांच्या मधून नऊ नंबर हळूहळू जाते, घरात पाहुण्यांच्या चपला चुकवत चालावं तशी.

आज मधल्या थांब्यावर बस अडली. पुढून मफलर, मागून अत्तर, दोघेही पुष्पगुच्छ घेऊन चालकाच्या सत्काराला. पहिला मान कुणाचा यावर वाद सुरू झाला. पाच मिनिटं झाली. दहा झाली. ताईची मशीनची वेळ सव्वाअकराची असते. उशीर झाला तर तेवढा वेळ कापतात. तिचे ओठ पांढरे पडले होते.

मी उतरले. दोघांच्या मध्ये उभी राहिले. काय बोलले ते नीट आठवत नाही. नोंद करायला कुणी नव्हतं. एवढं आठवतं की शेवटी मी म्हटलं, "बाजूला व्हा!" आणि मफलरांनी विचारलं, "कुठल्या?"

"कुठल्याही!" मी ओरडले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "माझी बहीण आहे आत."

दोघेही बाजूला झाले. दोघेही एकाच बाजूला. चालकाने मला हात देऊन वर घेतलं आणि बस सोडली.

आता ताई मशीनला लागली आहे. सुई नीट लागली. चार तास. तिला झोप लागलीय, तोंड थोडं उघडं आहे. मी शेजारच्या खुर्चीत बसून हे लिहिते आहे. परतीची नऊ नंबर पावणेचारला आहे. मघाशी खाली जाऊन वेळापत्रक बघून आले. वर येऊन हिच्याकडे बघितलं.

आहे.